वरची वीतभर माती

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या वाड्यांत पायाखाली येणारी फर्शी बहुधा आसपासच्या टेकड्यांतल्या वालुकाश्माची असते. त्या दगडापर्यंत पोहोचण्याआधी खाणवाल्यांना वरचा मातीचा थर बाजूला करावा लागतो, आणि त्या जागेची जैवविविधता टिकणार की नाही, हे माझ्या मते त्याच दिवशी ठरते. खाण बंद झाल्यावर किती रोपे लावली, यावर ते फारसे अवलंबून नसते.

माळावरची वीतभर माती उकरून हातात घेतली, तर तिच्यात गवताच्या मुळ्या, बुरशीचे पांढरे तंतू आणि पुष्कळसे बी सापडते. कुसळी गवताचे बी तर निरखून पाहावे. त्याचे पिळदार कुसळ दमट हवेत उलगडते, कोरड्या हवेत पुन्हा पीळ घेते, आणि त्या फिरण्याने टोकदार बी हळूहळू जमिनीत रुतते. जमिनीत साठलेले असे बहुतेक बी वरच्या काही सेंटिमीटरांतच असते. वरची-खालची माती एकत्र उपसली, की ते खोल गाडले जाऊन उगवतच नाही. म्हणून जाणत्या कंपन्या वरचा थर वेगळा काढून, खोदकाम संपलेल्या भागावर शक्य तितक्या लवकर पसरतात. माती साठवावीच लागली, तर ढीग बुटके ठेवतात, कारण उंच ढिगाच्या पोटात हवा पोहोचत नाही आणि मुळांना पोसणारी बुरशी मरते.

पश्चिम ऑस्ट्रेलियातील जारा वृक्षांच्या जंगलात अल्कोआ ही कंपनी १९६३पासून बॉक्साइट काढते. तिथे ताजी माती थेट दुसऱ्या खड्ड्यावर नेतात. त्या भागातील अनेक वनस्पतींचे बी वणव्याच्या धुराने जागे होते, आणि धुरातले त्यामागचे द्रव्य २००४मध्ये ओळखले गेले. ज्या जातींचे बी काही केल्या उगवत नाही, त्या ऊती संवर्धनाने, म्हणजे प्रयोगशाळेत झाडाच्या लहानशा तुकड्यापासून रोप तयार करून, वाढवतात. इतके करूनही जुन्या झाडांच्या ढोली लागवडीतून मिळत नाहीत. त्यामुळे काही तुकडे मुळीच न खोदणे हाच सर्वांत खात्रीचा उपाय ठरतो.

आपल्याकडे केंद्राच्या २०१७च्या खनिज संवर्धन व विकास नियमांत वरची माती वेगळी काढून वापरण्याचे बंधन आहे, पण वालुकाश्म बांधकामाच्या दगडांसारख्या ‘गौण खनिजां’त मोडत असल्याने तो त्या नियमांत न येता राज्याच्या नियमांखाली येतो.

आमच्या भागात आणखी एक अडचण आहे. घाटीगावचे अभयारण्य १९८१मध्ये माळढोकासाठी, म्हणजे इथल्या सोनचिरैयासाठी, राखले गेले. उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालणारा हा पक्षी तिथे कित्येक वर्षांत दिसलेला नाही. अशा माळावर भरपाई म्हणून सुबाभूळ लावली, तर कागदावर हिरवाई वाढते आणि चंडोल, टिटवी यांच्या घरट्यांची जागा जाते. गवताची माती गवतालाच परत द्यावी आणि झाडे लावायचीच, तर खडकाळ उतारावर इथलीच करधई लावावी. खोदण्यापूर्वीची पाहणीही पावसाळा सरताना व्हायला हवी, कारण मे महिन्यात तोच माळ ओसाड दिसतो आणि अहवालात त्याची नोंद पडीक जमीन म्हणून होते.