खेमा म्हणजे तंबू नव्हे

नागपूरच्या इंदोऱ्यात आमच्या नात्यातल्या एका मुलीचं नामकरण झालं. भन्तेजींनी त्रिशरण-पंचशील दिलं, आत्याने पाळण्यात वाकून कानात नाव सांगितलं, मग सगळ्यांना ऐकवलं: खेमा. मागच्या सतरंजीवरून मोठी आई म्हणाली, "काहून बाप्पा, पोरीचं नाव तंबू ठेवलं का?"

हशा पिकला, पण तिचंही चुकलं नव्हतं. नागपुरात हिंदी रोज कानावर पडते आणि हिंदी-उर्दूत खेमा म्हणजे तंबूच. हिंदी पेपरवाले तर राजकीय गटालाही खेमा म्हणतात. तो शब्द मूळचा अरबी. पोरीचं नाव पाली, आणि दोघांचं नातं उच्चारापुरतंच. संस्कृतातल्या 'क्ष'चा पालीत बहुधा 'ख' होतो, म्हणून क्षेमाची खेमा. मराठीनेही क्षीरची खीर केली, क्षारचा खार केला. पत्रात आपण 'क्षेमकुशल' लिहायचो, त्यातलाच हा क्षेम. ज्याला भय नाही, असा त्याचा अर्थ.

या शहरात पाली नावांची चाल पडली ती १४ ऑक्टोबर १९५६ नंतर. त्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथे धम्मदीक्षा घेतली आणि लाखोंना दिली. आधीच्या पिढीत दगडाबाई, धोंडाबाई, कचराबाई भेटायच्या. काही नावं दृष्ट लागू नये म्हणून ठेवलेली, काही गावाला दलितांच्या पोरीचं चांगलं नाव खपत नसे म्हणून. नंतर सुजाता, विशाखा, यशोधरा, संघमित्रा आल्या. खेमा तेवढी मागेच राहिली. मला याचं नवलच वाटतं, कारण भिक्खुणीसंघात तिचा मान फार मोठा. भिक्खूंमध्ये सारिपुत्त आणि मोग्गल्लान हे बुद्धांचे पट्टशिष्य, तशा भिक्खुणींमध्ये खेमा आणि उप्पलवण्णा. त्यातही खेमा प्रज्ञेत पहिली.

ती मगधाच्या बिंबिसार राजाची राणी. रूपाचा अभिमान एवढा, की बुद्ध रूपाला नावं ठेवतात असं ऐकून ती त्यांच्याकडे जायचंच टाळायची. राजाने वेळुवनाची गाणी रचून घेतली, ती ऐकून बाग पाहायला म्हणून राणी गेली. तिथे बुद्धांनी तिच्यापुढे एक अप्सरा उभी केली आणि बघता बघता तिला म्हातारी करून दाखवली. लोक ही गोष्ट जास्त सांगतात. मला संयुत्तनिकाय या पाली ग्रंथातली आवडते. कोसलचा राजा पसेनदी साकेतहून सावत्थीला जाताना तोरणवत्थूला मुक्कामाला होता. त्याने भिक्खुणी झालेल्या खेमा थेरीला विचारलं, मरणानंतर तथागत, म्हणजे बुद्ध, असतो का? तिने उलट विचारलं, महाराज, गंगेतली वाळू मोजून इतके कण आहेत असं सांगणारा कोणी हिशेबनीस तुमच्याकडे आहे का? राजा नाही म्हणाला. तथागतही तसाच मोजमापापलीकडचा, असं तिचं उत्तर. पुढे त्याने हाच प्रश्न बुद्धांना विचारला, तर शब्दाला शब्द तेच उत्तर.

पाली शिकलेल्या आईला पोरीसाठी हीच खेमा हवी होती. काकांचं म्हणणं वेगळं: शाळेत पोरं चिडवतील, सरळ विशाखा ठेवा. जन्मदाखल्यावर नावाची जागा अजून कोरी आहे. नोंदणीपासून वर्षभर नाव फुकट घालता येतं, म्हणून घाई नाही. तोवर मोठी आईच तिला 'खेमू' म्हणून मांडीवर घेऊन बसते.