पाण्याचा जमाखर्च

पृथ्वीवरचं एकूण पाणी सुमारे १३८.६ कोटी घन किलोमीटर. त्यातलं साधारण ९६.५ टक्के महासागरांत. गोडं पाणी जेमतेम अडीच टक्के, त्याचाही दोन तृतीयांशाहून जास्त भाग बर्फात अडकलेला आणि उरलेलं बहुतेक जमिनीच्या पोटात. जगातल्या सगळ्या नद्या एका क्षणी थांबवून मोजल्या तर भरतील फक्त २,१२० घन किलोमीटर. हे आकडे रशियन जलशास्त्रज्ञ इगोर शिक्लोमानोव यांच्या १९९३ सालच्या अंदाजातले. पाणी वळवायची, साठवायची विद्या हजारो वर्षं जुनी आहे. पाण्याचा हिशोब मांडणं मात्र साडेतीनशे वर्षांपलीकडे जात नाही.

इराणात डोंगराच्या पायथ्याचं भूजल किंचित उताराच्या बोगद्यातून, कसलाही पंप न लावता, कित्येक किलोमीटर लांबच्या शेतापर्यंत आणलं जाई. या बोगद्यांना ‘कनात’ म्हणतात. कैरोजवळच्या रोडा बेटावर नाईलची पातळी मोजणारा दगडी खांब इसवी सन ८६१ पासून उभा आहे. पूर किती चढला यावरून पीक किती येणार आणि सारा किती बसवायचा हे ठरत असे. म्हणजे नदीत किती पाणी आलं हे मोजलं जात होतं. ते आलं कुठून, याची उत्तरं मात्र अंदाजपंचे होती. माणसाच्या अंगात शिरा असतात तशा जमिनीतही पाण्याच्या शिरा असतात, असं वराहमिहिरानं सहाव्या शतकात लिहिलं. युरोपात १६६५ मध्येही आथानासिउस किर्खरसारखा विद्वान समुद्राचं पाणी भूमिगत वाटांनी डोंगरात चढतं आणि तिथून झरे फुटतात, असं चित्रं काढून समजावत होता. पावसाएवढ्याशा पाण्यावर बारमाही नदी कशी वाहील, ही शंका वरवर पाहता रास्तच होती.

ती मिटवली पिएर पेरॉ या फ्रेंच गृहस्थानं. हा मूळचा सरकारी वसुली अधिकारी. कर्ज फेडायला सरकारी पैशात हात घातला म्हणून त्याची नोकरी गेली. (‘सिंड्रेला’ची गोष्ट लिहिणारा शार्ल पेरॉ हा त्याचा धाकटा भाऊ.) त्यानं सेन नदीच्या उगमाकडचा एक छोटा टापू घेतला, तिथल्या पावसाची तीन वर्षांची सरासरी काढली, क्षेत्रफळानं गुणली आणि नदीतून वर्षभरात वाहून जाणाऱ्या पाण्याशी ताडून पाहिली. पाऊस नदीच्या सहापट निघाला. हा हिशोब १६७४ मध्ये छापून आला. पैशाचा ताळेबंद ज्याला जमला नाही त्यानं पाण्याचा जमवला, याची मला नेहमी गंमत वाटते.

पावसाची बाजू झाली. वाफेची बाजू १६८७ मध्ये एडमंड हॅलीनं मांडली. धूमकेतूवाला हॅली तोच. सुमारे चार इंच खोल तव्यात त्यानं समुद्राइतकं खारट पाणी घेतलं, निखाऱ्यांवर उन्हाळ्यातल्या हवेइतकं कोमट केलं आणि तवा तराजूला टांगला. दोन तासांत वजन अर्ध्या औंसाला थोडं कमी इतकं घटलं. तेवढ्यावरून त्यानं भूमध्य समुद्रातून दिवसाला ५२८ कोटी टन पाणी उडून जातं असं काढलं. नद्यांनी आणून टाकलेलं पाणी त्याच्या हिशोबात यापेक्षा पुष्कळच कमी, एक तृतीयांशाच्या आसपास भरलं. आकडे ढोबळ होते, पण नद्यांना पुरेल इतकी वाफ समुद्र देऊ शकतो हे दिसलं.

जमिनीखालचं पाणी या हिशोबात सगळ्यात उशिरा आलं. १८५६ मध्ये फ्रान्समधल्या दिजाँ शहराचा पाणीपुरवठा उभारणाऱ्या आंरी दार्सी या अभियंत्यानं वाळूच्या थरातून पाणी किती वेगानं झिरपतं याचं सूत्र दिलं. विहिरींचं गणित आजही त्यावरच चालतं. पण सूत्र हाती आलं तरी मोट आणि रहाटाच्या जमान्यात उपशाला आपोआपच मर्यादा होती. विसाव्या शतकात विजेचे आणि डिझेलचे पंप आले नि ती सुटली.

आज माणूस वर्षाला अंदाजे ४,००० घन किलोमीटर पाणी उचलतो: सुमारे ७० टक्के शेतीला, २० टक्क्यांच्या आसपास उद्योगांना, बाकी घरगुती. म्हणजे कुठल्याही क्षणी सगळ्या नद्यांत मिळून असतं त्याच्या जवळपास दुप्पट. हे शक्य होतं कारण नदी हा साठा नसून आवक आहे; तिचं पाणी सरासरी १६ दिवसांत बदलतं. भूजलाला यासाठी सरासरीनं शतकं लागतात. खोल थरातलं काही पाणी तर हिमयुगात मुरलेलं आहे. दोन्हीकडून निघालेलं पाणी पाटात सारखंच दिसतं, ही यातली खरी अडचण.

भूजलाची घट जगभर एकाच मापानं मोजायची सोय २००२ मध्ये झाली. ‘ग्रेस’ नावाचे दोन उपग्रह एकामागोमाग सुमारे २२० किलोमीटर अंतर राखून फिरत. खाली पाणी वाढलं किंवा घटलं की गुरुत्वाकर्षण किंचित बदले आणि दोघांतलं अंतर केसापेक्षाही कमी फरकानं हले. त्यावरून पाण्याचं वजन काढलं जाई. हॅलीच्या तराजूचंच तत्त्व, फक्त तवा जमिनीवरचा खंडभर. २०१७ मध्ये ही जोडी बंद पडली आणि २०१८ पासून तिच्या जागी दुसरी फिरते आहे.