शिकागोतली सुरुवातीची जमीनविक्री आणि खरेदीखतं

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात मिशिगन सरोवराच्या काठावर शिकागो वसलं, पण गाव वसायच्या आधीच त्याचे प्लॉट कागदावर पडले होते. वस्ती जेमतेम, एक किल्ला आणि थोडी लाकडी घरं, बाकी सगळी दलदल. ही जमीन पोटावाटोमी वगैरे लोकांची. सरकारने ती १७९५ पासून एकामागोमाग एक तह करून मिळवली आणि शेवटचा मोठा तह १८३३ चा, म्हणजे प्लॉट विकायला काढल्यावर तीन वर्षांनी आजूबाजूचा मुलूख घेतला. टायटलची (म्हणजे मालकी हक्काची) साखळी मात्र सरकारी पेटंटपासूनच, म्हणजे सरकारने जमीन पहिल्यांदा दिल्याच्या दस्तापासूनच सुरू होते, त्याच्या आधीचं कोणी विचारत नाही.

१८२७ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, इलिनॉय-मिशिगन कालव्यासाठी राज्याला जमिनी दिल्या, एक सेक्शन आड एक. एक सेक्शन म्हणजे एक चौरस मैल, ६४० एकर, आणि असे ३६ सेक्शन मिळून एक टाउनशिप. मोजणी ६६ फुटी साखळीने व्हायची (आपल्या गुंठ्याची बाजू ३३ फूट, बरोबर तिच्या निम्मी, आणि हा काही योगायोग नाही, मोजणीची साहेबी पद्धत दोन्हीकडे पोचली होती). कालव्याला पैसा हवा म्हणून सर्व्हेअर जेम्स थॉम्पसनने सेक्शन ९ वर आखणी केली, नकाशा ४ ऑगस्ट १८३० ला दाखल झाला आणि सप्टेंबरात लिलाव. १२६ लॉट (म्हणजे प्लॉट) गेले, सरासरी ३५ डॉलरच्या आसपास. आजही त्या भागातल्या खतात 'शिकागोचं मूळ गाव, अमुक ब्लॉक, तमुक लॉट' असंच वर्णन असतं. आपल्याकडच्या चतुःसीमेसारखं पूर्वेला कोणाचं शेत नि पश्चिमेला कोणता ओढा लिहायची गरजच नाही, नकाशाकडे बोट दाखवलं की झालं.

सेक्शन १६ शाळांसाठी राखीव होता. १८३३ मध्ये तोही लिलावात निघाला, १४२ पैकी ४ ब्लॉक (रस्त्यांमधले जमिनीचे चौकोन) ठेवले आणि बाकी १३८ सुमारे ३८ हजार डॉलरला विकले, तेही मुख्यतः उधारीवर. शहराच्या ऐन मध्यातली जमीन! थोडं थांबले असते तरी शाळांना किती मिळालं असतं.

नंतर जी तेजी आली ती वेडीच होती. १८३६ मध्ये आलेल्या हॅरिएट मार्टिनो या इंग्रज लेखिकेने लाल कपड्यातला, पांढऱ्या घोड्यावरचा माणूस रस्त्यात जमिनीच्या विक्रीची दवंडी पिटताना पाहिला. त्याच वर्षी सरकारी जमिनीचे पैसे सोन्या-चांदीतच भरा असा हुकूम आला, १८३७ ला मंदी आली आणि उधारीवर घेतलेले बरेच प्लॉट अंगाशी आले.

भांडणंही आलीच. जाँ बाप्तिस्त बोबियां या तिथल्या जुन्या व्यापाऱ्याने १८३५ मध्ये फोर्ट डिअरबॉर्नच्या, म्हणजे सुरुवातीला सांगितलेल्या किल्ल्याच्या, आवारातली सुमारे ७५ एकर जमीन ९४ डॉलर ६१ सेंटला आपल्या नावावर घेतली, पावतीसुद्धा मिळाली. पण ही लष्करासाठी राखलेली जागा, विक्रीला नव्हतीच, म्हणून १८३९ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो हक्क मान्य केला नाही. पावती हातात असली म्हणजे टायटल मिळालं असं होत नाही, ते असं.

खतांचे मुख्य प्रकार दोन. वॉरंटी डीडमध्ये विकणारा टायटलची हमी देतो, क्विटक्लेममध्ये 'माझा जो काही हक्क असेल तो सोडला' एवढंच, नसेल तर नाही, मग घेणाऱ्याने बसावं बोंबलत. खत काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) रेकॉर्डरकडे नोंदवायचं, तो ते वहीत उतरवून घ्यायचा आणि देणाऱ्या-घेणाऱ्याच्या नावाने इंडेक्स ठेवायचा. शिकागोची कुक काउंटी १८३१ मध्ये झाली. वह्या वाढल्या तसा सर्च काढणं, म्हणजे जमिनीचे जुने व्यवहार तपासणं, हा धंदाच झाला, खाजगी फर्म प्रत्येक जमिनीच्या व्यवहारांचा गोषवारा, म्हणजे ॲब्स्ट्रॅक्ट, स्वतःच्या वह्यांत ठेवू लागल्या.

ऑक्टोबर १८७१ च्या आगीत कोर्टहाउस जळालं आणि सरकारी वह्या गेल्या. तीन फर्मनी मात्र आपापल्या वह्यांतल्या बऱ्याचशा वाचवल्या, जॉन शॉर्टॉलने तर रस्त्यातली घोडागाडी अडवून त्या भरून नेल्या. एकीकडे नाही ते दुसरीकडे असं करत तिघांचं मिळून जवळजवळ पूर्ण रेकॉर्ड जमलं, मग १८७२ च्या कायद्याने हे ॲब्स्ट्रॅक्ट कोर्टात पुरावा म्हणून चालायला लागले. त्यामुळे तिथे आगीच्या आधीचं टायटल बघायचं तर सरकारी दप्तर नाही, या खाजगी वह्याच उघडाव्या लागतात.