'भिऊ नको' 365 वेळा? मोजून बघा

नवीन वर्ष आलं की जालन्या-संभाजीनगरकडच्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तोच मेसेज फिरतो: पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, 'भिऊ नको' बरोबर 365 वेळा आहे, रोजचं एक वचन. गोड आहे, पण खरं नाही. 'भिऊ नका', 'घाबरू नको' अशी सगळी रूपं धरून मोजलं तरी आकडा 365 च्या जवळपासही जात नाही. भाषांतरागणिक तो थोडा हलतो, एवढंच.

त्यातही प्रत्येक 'भिऊ नको' देवाचं नाही. शास्ते या पुस्तकातलं 4:18 काढा. याएल नावाची बाई लढाई हरून पळालेल्या सीसरा या सेनापतीला तंबूत बोलावते, 'भिऊ नका' म्हणते, पांघरूण घालते. तीन वचनांनंतर त्याच्या कानशिलातून मेख आरपार! हे वचन कोणत्या तारखेला घ्यायचं?

मला खटकतं ते दुसरंच. रोजची एक गोळी घ्यावी तसं आपण वचन घेतो. यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं 29:11 भिंतीवर असतं, 'तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत'. पण ते वचन ज्या पत्रात आहे ते बाबेलात (बॅबिलोनमध्ये) बंदिवान झालेल्या यहुद्यांना होतं, आणि आदल्याच वचनात 70 वर्षांची मुदत आहे. तोवर काय करायचं? घरं बांधा, मळे लावा, मुलांची लग्नं करा, ज्या नगरात आहात त्याच्या हितासाठी झटा.

पाऊस दडी मारून बसलेला असताना कापसाची दुबार पेरणी करणाऱ्या आपल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.