शेळ्यांमधले जंत

शेळीच्या पोटात, आतड्यात, लिव्हरमध्ये राहून तिच्या जिवावर जगणारे कृमी म्हणजे जंत. ढोबळमानाने गोल, चपटे आणि पट्टकृमी असे तीन प्रकार, पण पावसाळ्यात कळपाची वाट लावतो तो गोल जंतांतला हिमॉन्कस. हा शेळीच्या चार कप्प्यांच्या पोटातल्या चौथ्या कप्प्यात चिकटून रक्त पितो, एकेक मादी दिवसाला ५,००० च्या वर अंडी घालते, ती लेंड्यांतून रानात पडतात, ऊब आणि ओल मिळाली की आठवडाभरात अळ्या तयार होऊन गवतावर चढतात, शेळीने ते गवत खाल्लं की साधारण तीन आठवड्यांनी तिच्याही लेंड्यांत अंडी. अळ्या बहुतेक गवताच्या बुडाशी दोन-तीन इंचांतच असतात, त्यामुळे बाभळी-सुबाभळीचा पाला ओरबाडणारी शेळी बरीचशी वाचते. ओलीत अळ्या गवतावर वर चढतात, दव वाळल्यावर कळप सोडायचा तो यासाठीच.

हगवणीची वाट बघत बसलात तर शेळी हातची जाते, कारण हिमॉन्कसमध्ये बऱ्याचदा हगवण लागतच नाही. शेळी कळपात मागे पडते, जबड्याखाली पाणी भरून मऊ सूज लोंबते, चरून आल्यावर संध्याकाळी ती जास्त दिसते. खरी खूण डोळ्यात. अंगठ्याने खालची पापणी ओढायची, आतून लालचुटूक असेल तर सोडून द्या, पांढरीफटक असेल तर रक्त संपत आलंय. याचंच १ (लाल) ते ५ (पांढरं) नंबरचं रंगीत कार्ड दक्षिण आफ्रिकेत बनलं, तिथले जनावरांचे डॉक्टर फाफा मालन यांच्या नावावरून त्याला फामाचा म्हणतात. ४-५ नंबरला औषध पाजायचंच, ३ वालीलाही पाजलेलं बरं. बघायचं मात्र उजेडात, मोबाईलच्या टॉर्चमध्ये रंग फसवतो. लिव्हरच्या चपट्या कृमींनीही पापणी फिकट पडते, तिथे औषध वेगळं लागतं.

दर तीन महिन्यांनी सगळ्या कळपाला सरसकट अल्बेंडाझोल हे जंताचं औषध पाजणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. औषधाला दाद न देणारे जंत तेवढे उरतात आणि पुढे त्यांचीच पिल्लावळ. धडधाकट शेळ्या बिनऔषधाच्या ठेवल्या की औषधाने मरणारे साधे जंतही रानात राहतात, मग औषध जास्त वर्षं चालतं. शेळीचं शरीर औषध पटकन निकाली काढतं म्हणून मेंढीचा डोस तिला कमी पडतो, तेव्हा वजन करून डॉक्टरांकडूनच डोस ठरवा, आणि गाभण शेळीला पहिल्या महिन्यात अल्बेंडाझोल नकोच. पाजताना तोंड आभाळाकडे करू नका, औषध फुफ्फुसात जातं. १०-१४ दिवसांनी लेंड्या तपासून अंडी ९५ टक्के कमी झाली नसतील तर ते औषध तुमच्या कळपात आता चालत नाही.

लहान करडं हगायला लागली तर बऱ्याचदा कॉक्सिडिया निघतो, हा जंत नव्हे तर आतड्यातला डोळ्यांना न दिसणारा एकपेशीय जीव, त्याला जंताचं औषध लागूच पडत नाही.