इंका ट्रेल आणि साल्कान्ताय : माचू पिक्चूच्या दोन वाटांचा कायमचा घोळ

पेरूला जाण्याचा बेत आखणाऱ्या ट्रेकर मंडळींना एक सल्ला हमखास मिळतो : इंका ट्रेलचा परवाना मिळाला नाही, तर साल्कान्तायने जा, दोन्ही वाटा शेवटी माचू पिक्चू या इंका लोकांच्या जुन्या डोंगरी शहरालाच पोहोचतात. हा सल्ला इतक्यांदा दिला गेला आहे की तो तपासून पाहावा असे कोणाला वाटेनासे झाले आहे. त्यात भर म्हणून काही सहल-आयोजक आपल्या माहितीपत्रकावर 'साल्कान्ताय इंका ट्रेल' असे जोडनाव छापतात आणि वाचणाऱ्याची समजूत होते की ही त्याच रस्त्याची दुसरी शाखा आहे. माझ्या मते हे जोडनाव वापरणे ही सरळसरळ दिशाभूल आहे. दोन्ही वाटा आपापल्या जागी उत्तम आहेत, पण एकीचे काम दुसरी करू शकत नाही.

इंका ट्रेल बहुतेकांना ठाऊक असतो, म्हणून त्याविषयी थोडक्यात सांगतो. कुस्को शहरातून माचू पिक्चूकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरील ८२व्या किलोमीटरपाशी, पिस्काकुचो येथे, ही वाट सुरू होते. चार दिवसांत सुमारे ४३ किलोमीटर चालणे होते, दुसऱ्या दिवशी वार्मिवान्युस्का ही ४,२१५ मीटर उंचीची खिंड ओलांडावी लागते आणि चौथ्या दिवशी सकाळी माणूस माचू पिक्चूला पोहोचतो.

साल्कान्तायची वाट कुस्कोच्या पश्चिमेला मोयेपाता गावाच्या बाजूने चढते, ६,२७१ मीटर उंचीच्या साल्कान्ताय शिखराच्या कुशीतून सुमारे ४,६०० मीटरची खिंड पार करते आणि पलीकडे सांता तेरेसाच्या खोऱ्यात उतरते. तिला साधारणपणे पाच दिवस लागतात आणि अंतर साठ-सत्तर किलोमीटर भरते. कोणती वाट लांब, कोणती थंड, कोणती स्वस्त, यावर लोक तासन् तास वाद घालतात, पण हे फरक किरकोळ आहेत. उंचीचेही तेच. महाराष्ट्रातले सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटरचे आहे, म्हणजे ज्याची सगळी भटकंती आपल्या सह्याद्रीत झाली आहे त्याच्या शरीराला या दोन्ही खिंडी सारख्याच अनोळखी आहेत. आधी ३,४०० मीटरवरील कुस्कोत दोन-तीन दिवस राहून शरीराला विरळ हवेची सवय करून घेणे दोन्ही वाटांसाठी सारखेच आवश्यक आहे.

खरा फरक पायाखालच्या रस्त्यात आहे. इंका ट्रेलवर रस्ता हाच अवशेष आहे. पंधराव्या शतकात इंकांनी हा मार्ग बांधला. त्यांच्या साम्राज्यभर पसरलेल्या आणि आज सहा देशांत विखुरलेल्या ३०,००० किलोमीटरहून अधिक लांबीच्या 'कापाक न्यान' या रस्तेजाळ्याची २०१४ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून नोंद केली, आणि हा मार्ग त्याच बांधणीच्या परंपरेतला आहे. दुसऱ्या खिंडीनंतरचा बराचसा भाग मूळ दगडी फरसबंदीचा आहे. तिसऱ्या खिंडीकडे जाताना एके ठिकाणी डोंगराचा कडा आडवा येतो, आणि तेथे इंकांनी खडकातील नैसर्गिक भेगेचा उपयोग करून बोगदा काढला आहे, ज्याच्या आतल्या तिरप्या उतारावर पायऱ्याही कोरलेल्या आहेत. ओल्या दिवसांत या पायऱ्या निसरड्या होतात, आणि भिंतीला हात लावून उतरताना हा रस्ता किती विचारपूर्वक आखला होता ते कळते. रुंकुराकायची वर्तुळाकार वास्तू, अरुंद जिन्याने गाठावी लागणारी सायाकमार्का, ढगांत बुडालेले फुयुपाटामार्का आणि उतारावरच्या शेतमजग्यांचे (पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांचे) विन्याय वाय्ना ही सगळी ठिकाणे या एका दोरीत ओवलेली आहेत. माचू पिक्चूकडे येणाऱ्याने त्यांच्यामधूनच जावे, असाच हा मार्ग आखलेला दिसतो.

ही एक गोष्ट पक्की समजली की बाकीचे सगळे नियम आपोआप समजतात. माचू पिक्चूच्या परिसराला १९८१ साली ऐतिहासिक अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि १९८३ साली तो जागतिक वारसा ठरला. इंका ट्रेल या अभयारण्याच्या आतून जातो. त्यामुळे दिवसाला गाइड, स्वयंपाकी आणि पोर्टर धरून फक्त ५०० माणसांना प्रवेश दिला जातो, म्हणजे पर्यटकांच्या वाट्याला त्यातल्या निम्म्याहून कमी जागा येतात. परवानाधारक गाइडशिवाय जाता येत नाही. खेचरे आणि घोडे नेण्यास मनाई आहे, म्हणून तंबूपासून गॅसपर्यंत सगळे सामान पोर्टर पाठीवर वाहतात, आणि त्यांच्या ओझ्याची मर्यादा पाळली जाते की नाही हे पाहण्यासाठी ते नाक्यावर वजन करून घेतले जाते. ट्रेकिंगच्या काठीला रबरी टोपण लावावे लागते, कारण धातूच्या टोकाने दगड झिजतात. हे सारे नियम जुन्या वास्तूच्या रक्षणाचे आहेत. त्यांना सरकारी अडवणूक म्हणून नावे ठेवणाऱ्यांनी आपण कशावरून चालणार आहोत याचा आधी विचार करावा.

साल्कान्तायची वाट ही पर्वत ओलांडण्याची वाट आहे. तिचा बहुतेक भाग अभयारण्याच्या हद्दीबाहेरून जातो, त्यावर खेचरांची ये-जा चालते, रोजच्या माणसांची संख्या ठरवून दिलेली नाही आणि गाइडचीही सक्ती नाही. तेथे पाहायचे ते हिमनद्या, उमान्ताय सरोवराचे निळे-हिरवे पाणी, आणि खिंडीपलीकडे एका दिवसात बर्फाळ हवेतून दमट जंगलात व कॉफीच्या मळ्यांत होणारे स्थित्यंतर. इंकाकालीन बांधकाम या वाटेवर अगदी थोडे आहे. त्यात सर्वांत महत्त्वाचे लक्तापाता हे ठिकाण चौथ्या दिवसाच्या सुमारास लागते.

येथेच आणखी एक फसगत होते. इंका ट्रेलच्या पहिल्या दिवशी कुसिचाका नदीकाठी वळणदार मजग्यांचे जे मोठे अवशेष वरून दिसतात, त्यांनाही लक्तापाता किंवा पातालक्ता म्हणतात. साल्कान्तायवरचे लक्तापाता हे पूर्णपणे वेगळे ठिकाण आहे. ते माचू पिक्चूच्या पश्चिमेकडील डोंगरधारेवर आहे, आणि माचू पिक्चू जगासमोर आणणाऱ्या हायरम बिंगहॅमने १९१२ साली त्याची नोंद केली होती. दोन्ही कार्यक्रमपत्रिकांत तेच नाव वाचून लोक समजतात की वाटा कुठेतरी एकत्र येतात. तसे काही नाही. साल्कान्तायच्या लक्तापाताहून आओबाम्बा नदीच्या खोऱ्यापलीकडे माचू पिक्चू मागच्या बाजूने दिसते, आणि इंका ट्रेलने जाणाऱ्याला हे दृश्य मिळत नाही. हा लाभ मोठा आहे, पण त्याला 'सूर्यद्वारासारखेच दृश्य' म्हणणे चूक आहे.

सूर्यद्वार म्हणजे इंती पुंकू. इंका ट्रेलवरची शेवटची रात्र विन्याय वाय्नाजवळ काढून पहाटे नाका उघडला की सुमारे दीड तासात या दगडी दारापाशी पोहोचता येते. समोर खाली संपूर्ण शहर पसरलेले असते, किंवा धुके असेल तर काहीच दिसत नाही. मग त्याच जुन्या रस्त्याने पायी उतरत शहरात जायचे. साल्कान्तायवाला मात्र लक्तापाताहून खाली जलविद्युत केंद्रापाशी उतरतो, तेथून रेल्वेरुळांच्या कडेने सुमारे दहा किलोमीटर चालत आग्वास कालिएन्तेस या गावात मुक्काम करतो आणि दुसऱ्या दिवशी बसने किंवा पायऱ्यांनी वर जातो. आगगाडीने आलेल्या कोणत्याही पर्यटकाप्रमाणेच तो मुख्य फाटकातून, तिकिटावर छापलेल्या वेळेला आणि ठरलेल्या फेरीमार्गाने आत शिरतो. चार दिवस पर्वत तुडवूनही इंती पुंकूतून येणे त्याच्या वाट्याला येत नाही, आणि ही गोष्ट पैसे भरण्याआधी कोणी सांगत नाही, याचाच मला सर्वांत जास्त राग येतो.

ज्याचे मन त्या दारात गुंतले आहे आणि चार दिवसांचा परवाना हुकला आहे, त्याच्यासाठी खरा पर्याय साल्कान्ताय नसून १०४व्या किलोमीटरपासूनचा छोटा इंका ट्रेल आहे. गाडीतून तेथे उतरायचे, विन्याय वाय्नापर्यंत चढायचे आणि त्याच दिवशी इंती पुंकूतून माचू पिक्चू गाठायचे. यालाही परवाना लागतो आणि तोही संपतो, पण चार दिवसांच्या परवान्यांइतक्या झपाट्याने नाही. साल्कान्ताय आणि इंका ट्रेल जोडणारी सुमारे सात दिवसांची फेरीदेखील आहे. ती वायाबाम्बा येथे इंका ट्रेलला मिळते, पण तिलाही इंका ट्रेलचाच परवाना हवा. म्हणून 'जोडट्रेक आहे, परवान्याची काळजी नको' असे कोणी म्हटले तर विश्वास ठेवू नये. माझी स्वतःची पसंती स्पष्ट आहे : इतिहासासाठी जाणाऱ्याने इंका ट्रेल करावा, मग तारखेसाठी वर्षभर थांबावे लागले तरी चालेल. पर्वतासाठी जाणाऱ्याने साल्कान्ताय करावा, आणि तो पहिली निवड म्हणून करावा.

नोंदणीतही हाच फरक दिसतो. इंका ट्रेलच्या परवान्यात माचू पिक्चूचा प्रवेश धरलेला असतो. साल्कान्तायला मात्र तिकीट वेगळे घ्यावे लागते, आणि मे ते सप्टेंबर या कोरड्या मोसमात ते आधी काढले नाही तर पाच दिवस चालून फाटकाबाहेर थांबण्याची वेळ येते. ट्रेलचा परवाना पासपोर्टच्या क्रमांकावर आणि नावावर निघतो, तो दुसऱ्याला देता येत नाही. आपल्याकडे पासपोर्टवर वडिलांचे किंवा पतीचे नाव बहुधा स्वतःच्या नावाला जोडून येते आणि अर्ज भरताना ते सर्रास गाळले जाते. तेथील नाक्यावर दोन्ही कागद शेजारी धरून पाहतात, त्यामुळे नाव पासपोर्टवर आहे तसेच, अक्षरशः तसेच द्यावे. मधल्या काळात पासपोर्टचे नूतनीकरण झाले असेल, तर जुनाही सोबत ठेवावा.

राहिला फेब्रुवारी. मुसळधार पाऊस आणि दुरुस्ती यांसाठी इंका ट्रेल महिनाभर बंद असतो, माचू पिक्चू मात्र उघडे असते, आणि तेव्हा साल्कान्ताय 'बारमाही उपलब्ध' म्हणून विकला जातो. पण पावसाचा धोका तेथेही आहेच. फेब्रुवारी १९९८मध्ये साल्कान्तायच्या बाजूने आलेल्या चिखल-दगडांच्या लोंढ्याने आओबाम्बाच्या मुखाशी असलेले जलविद्युत केंद्र गाडून टाकले आणि त्यापुढची कियाबाम्बा गावाकडे जाणारी रेल्वे कायमची बंद पडली. ज्या ठिकाणी आज साल्कान्तायवाले रुळांवर चढतात ते हेच ठिकाण. फेब्रुवारीत माचू पिक्चू पाहायचेच असेल, तर आगगाडीने जावे आणि दोन्ही वाटा पुढच्या मोसमासाठी राखून ठेवाव्यात.