हिरवा तिरंदाज, जांभळा तिरंदाज

दोघंही सुपरहिरो, दोघंही तिरंदाज, आणि अंगात अलौकिक शक्ती दोघांच्याही नाही. ग्रीन ॲरो आणि हॉकआय यांच्यात गल्लत होते ती त्यामुळेच. हिरवा तो डीसी या अमेरिकन कॉमिक्स कंपनीचा ऑलिव्हर क्वीन, १९४१ सालचा. जांभळा तो तिची प्रतिस्पर्धी कंपनी मार्व्हलचा क्लिंट बार्टन, १९६४ सालचा. एवढं पाठ केलं की नावं चुकत नाहीत. पण ही माणसं किती वेगळी आहेत हे कळायला चित्रकार माइक ग्रेलचा ग्रीन ॲरो आणि चित्रकार डेव्हिड आहाचा हॉकआय शेजारी ठेवून बघावेत.

ग्रेलने १९८७ मध्ये ‘द लाँगबो हंटर्स’ हे तीन अंक स्वतः लिहिले आणि काढले. ऑलिव्हरला त्याने सिॲटलला नेलं, रॉबिन हूडची टोपी काढून डोक्यावर झाकणारी हूड दिली. टोकाला बॉक्सिंगचा ग्लोव्ह लावलेले वगैरे गमतीचे बाण भात्यातून गेले आणि साधे, टोकदार बाण आले. हा ऑलिव्हर ४३ वर्षांचा आहे, आणि त्याचा बाण लागला की माणूस मरतो. ग्रेलची चित्रं रंगवलेल्या चित्रांसारखी दाट, सावल्यांनी भरलेली. ताणलेली दोरी, दंडाचे स्नायू, चेहऱ्यावरचा थकवा यांवर तो रेंगाळतो.

आहाचा हॉकआय २०१२ मध्ये आला, लेखक मॅट फ्रॅक्शन. इथे क्लिंट ब्रुकलिनच्या एका इमारतीत राहतो, मार खातो, शेजाऱ्यांसाठी भांडतो. विचित्र बाण इथे परत येतात, फेकणाऱ्याकडे परतणारा बूमरँग बाणसुद्धा. आहाची रेघ मोजकी आहे, तपशील जवळजवळ नाहीतच. त्याची सगळी करामत पानाच्या मांडणीत आहे: लहान लहान चौकटींच्या रांगा, आणि मॅट हॉलिंग्जवर्थचे जांभळ्याकडे झुकणारे मोजके रंग.

अकरावा अंक तर हातात घेऊन बघावाच. सगळी गोष्ट क्लिंटच्या लकी या कुत्र्याच्या नजरेतून घडते. माणसं बोलतात तेव्हा संवादाच्या फुग्यात नुसते गिरगटे दिसतात, मधूनच कुत्र्याला कळणारा एखादा शब्द. समोर माणूस आला की त्याच्याभोवती वासांची छोटी चिन्हं रेषांनी जोडलेली: हा कुठून आला, कोणाबरोबर होता, काय खाल्लं. खुनाचा तपास कुत्रा नाकाने करतो आणि आपण तो डोळ्यांनी वाचतो. या अंकाला कॉमिक्समधलं मानाचं आयझनर पारितोषिक मिळालं, २०१४ चं. एकोणिसाव्या अंकात क्लिंटला ऐकू येत नाही, तर फुगे रिकामे आणि खुणांची भाषा हातांच्या चित्रांत, भाषांतराशिवाय. वाचकालाही त्याच्यासारखंच अडखळावं लागतं, आणि ते मला फार मोलाचं वाटतं.

विकत घेताना मात्र आतलं श्रेयाचं पान जरूर बघा. १९८८ पासूनची ग्रीन ॲरोची मासिक मालिका ग्रेलने लिहिली, पण बहुतेक अंकांची चित्रं इतरांची आहेत. हॉकआयच्या २२ अंकांतलेही सगळे आहाचे नाहीत; काही ॲनी वू आणि हाविएर पुलिदो यांचे आहेत.